पेट्रोलच्या टाकीवर माझी मोहोर

मला आधी एवढं सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तो कशावर? मापावर, मोहरेवर, की माणसावर? उत्तराची घाई करू नका. सत्तावीस वर्षं दुकान चालवल्यावर मी ती घाई केली, आणि चौक गावच्या रस्त्यावर भर उन्हात मोटारीच्या मागच्या अंगाला तळहात दाबून उभा राहिलो. कसा, ते सांगतो.

मी आबाजी. कर्जतच्या बाजारात माझं किराण्याचं दुकान आणि मागं गवताची वखार. शाळा मला ठाऊक नाही. पुड्या बांधायला जी रद्दी यायची तिच्यावर मी अक्षरं शिकलो, त्यामुळं माझं ज्ञान जिथं कागद फाटला तिथं थांबलेलं आहे. लढाई सुरू झाली, लष्कराच्या खेचरांना गवत पुरवायचा ठेका मला मिळाला, आणि दोन पैसे दिसल्याबरोबर डोक्यात मोटार शिरली. पेट्रोल कुपनावर झालं होतं आणि मोटारवाले गिऱ्हाईक शोधत फिरत होते. नेरळच्या एका पारशी म्हाताऱ्याची कापडी हुडाची गाडी मी घेतली. गाडी पंधरा वर्षांची, म्हणजे माझ्या खेचरांच्या भाषेत पेन्शनीत निघालेली. गाडी हवाली करताना म्हाताऱ्यानं डोळ्यांना रुमाल लावला. मला वाटलं, मायेनं. (आता वाटतं, तो हसू दाबत होता.)

गाडीबरोबर अब्बास आला. मूळ लोधिवलीचा, पन्नाशीचा माणूस, आधी घाटातल्या सर्व्हिस मोटारीवर होता. गाडी जितकी खडखड करी तितका हा गप्प. शेडच्या ओट्यावर निजायचा, पहाटे उठून गाडी पुसायचा, आणि महिन्याचा पगार उचलला की लोधिवलीला बायको-मुलीकडं पोचवून यायचा. मुलीचं नाव मासूमा. तिचं लग्न हा एकच विषय असा होता की ज्यावर अब्बास आपण होऊन बोले, तेसुद्धा वर्षातून दोनदा.

त्या दिवसांत टायर सोन्याच्या मोलाचे. टायर झिजू नयेत म्हणून मी शेडमध्ये गाडीखाली वखारीतलं गवत वीतभर जाड पसरलं. बाजारात म्हणू लागले, शेटनं गाडीला बाळंतिणीसारखी निजवलीय. म्हणोत. माझं गवत, माझी गाडी. संध्याकाळी दुकान वाढवलं की मी त्याच गवतावर बैठक मारायचो आणि विडी ओढत गाडीकडं बघत बसायचो. हे गवत आणि ही विडी, दोन्ही ध्यानात ठेवा.

तर एका संध्याकाळी माझ्या मनात आलं, आपण धान्य मापतो, तेल मापतो, मग पेट्रोलानं काय घोडं मारलंय? बांबूची एक कामटी तासली, तिच्यावर बोटाबोटाच्या अंतरानं खाचा पाडल्या, टाकीत उभी बुडवून बाहेर काढली. ओल सातव्या खाचेपर्यंत. समाधान वाटलं. सकाळी सहज पुन्हा बुडवली. साडेपाच खाचा.

मी मटकन खालीच बसलो. गाडी रात्रभर जागची हलली नव्हती.

दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. रोज दीड बोट पेट्रोल हवेत जात होतं. (हे वाक्य मी तेव्हा रागानं म्हटलं होतं. किती खरं आहे ते कळायला आठवडा लागला.) आता तुम्हीच विचार करा. शेडला कुलूप माझं. ओट्यावर निजणारा माणूस एक. आणि पेट्रोल तर असं की बाटलीभर घेऊन बाजारात उभा राहिलात तर लोक हात जोडतील. वाण्याच्या डोक्यात शिरलेला संशय म्हणजे डाळीतला किडा. एक दिसला की सगळी पाटी पाखडावी लागते.

माझी बायको जयवंता हिनं त्याच वेळी आपली वेगळीच तक्रार आणली. आमची तांबडी कोंबडी दिवसभर गाडीखालच्या गवतात बसायची, आणि तिला म्हणे मोटारीचा वास येत होता. जयवंता म्हणत होती, गाडीच्या खाली काय हाय ते बघा. मी माझं डोकं चालवलं. कोंबडीला पेट्रोलचा वास येतो, कोंबडी राहते खुराड्यात, म्हणजे अब्बासच्या बाटल्या खुराड्यात. दुपारी तो जेवायला गेल्याचं साधून मी खुराड्यात कमरेपर्यंत शिरलो. बाटली सापडली नाही. दोन अंडी फुटली, कोंबडी माझ्या मानेवर बसली, आणि बाहेर माझे नुसते पाय बघून जयवंतानं शांतपणे विचारलं की आंडी पायजे व्हती तर मला का नाय सांगितलंत.

तेव्हा मला आमचा जुना रिवाज आठवला. खळ्यावर भाताची रास पडली की तिच्यावर राखेचे ठसे उमटवून ठेवतात. रात्री कुणी रास उकरली तर ठसा मोडतो आणि सकाळी चोरी कळते. पेट्रोलावर राख कशी टाकणार? म्हणून मी लाख घेतली. चुलीवर पातळ करून आणली (शेडमध्ये पेटवली नाही, तेवढी अक्कल मला आहे असं मला वाटत होतं), टाकीच्या झाकणाच्या कडेनं सगळीकडून ओतली आणि तिच्यावर दुकानाची पितळी मोहोर दाबली. झाकणाच्या मधोमध एक बारीकसं भोक होतं. चोरानं यातून काही घातलं तर? तेही लाखेनं बुजवलं. मुंगी शिरायला जागा ठेवली नाही.

अब्बासनं सकाळी ते बघितलं. विचारलं, “शेट, हा ठसा कशापायी?”

मी म्हटलं, लढाईचे दिवस आहेत रं.

तो बरं म्हणाला. मग फडकं घेऊन त्यानं सगळी गाडी पुसली, मोहरेच्या अवतीभवतीची जागा मात्र न शिवता सोडली.

मंगळवारी टाकी सातव्या खाचेपर्यंत भरून मोहोर केली होती. त्या आठवड्यात गाडीला काम नव्हतं. शुक्रवारी मी मोहोर फोडली. उघडताना झाकणानं सुस्कारा सोडल्यासारखं वाटलं, पण माझं लक्ष कामटीवर. सात खाचा. केसभर कमी म्हणाल तर म्हणा, पण सात. आणि जयवंता म्हणाली, कोंबडीचा वासही गेला.

यापेक्षा पुरावा तो काय हवा? मोहोर नव्हती तेव्हा पेट्रोल जात होतं, मोहोर आली आणि जायचं थांबलं. मी पुन्हा लाख ओतली, मोहोर दाबली, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. इतक्या गुणाचा माणूस चोर निघाला याचा धक्काच बसला.

त्याच दिवशी खालापूरहून झहीरभाईंची चिठ्ठी आली. झहीरभाई कौलांचे व्यापारी, माझे जुने स्नेही. त्यांच्या धाकट्या मुलासाठी अब्बासच्या मासूमाचं स्थळ सुचवलं गेलं होतं. लिहिलं होतं: “अब्बासमियां तुमच्या दारात असतात. माणूस कसा, याबद्दल तुमच्या घरचं मत ऐकलं की आम्ही पुढं जाऊ. उद्या या. येताना वहिनींना नक्की आणा.”

म्हणजे एका मुलीचं लग्न माझ्या जिभेवर आलं होतं. मी जयवंताला सांगितलं की मी खोटं बोलणार नाही. सत्तावीस वर्षांत माझा शब्द फिरलेला नाही.

ती भाकरी थापत होती, थांबली. “डोळ्यांनी बघितलंत त्याला?”

“मोहोर बघितली.”

“मोहोर म्हंजी काय माणूस हाय? अवो, तुमच्या लाखंपायी त्या पोरीचं लगीन मोडंल. एकदा मोडलं की लोक तिच्या बापाचं नाव घेत्याल, तुमच्या कामटीचं नाय.”

मी म्हटलं, व्यवहारात माया आणू नये. ती पुन्हा भाकरी थापू लागली, पण जरा जोरात.

शनिवारी सकाळी निघालो. जयवंतानं एका गाठोड्यात साखर, नारळ, मासूमासाठी खण आणि आमच्या दुकानची साबणाची एक वडी बांधून घेतली. त्या दिवसांत साबणाची वडी म्हणजे आहेर. अब्बास धुतलेला सदरा घालून आला होता. तो काही आत बसणार नव्हता, बाहेर गाडीपाशी थांबणार होता, तरी धुतलेला सदरा. मी आज काय सांगायला निघालोय हे त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. त्यानं जयवंताला दार उघडून दिलं आणि माझ्याकडं बघितलं नाही.

दोनेक मैल गाडी ठीक चालली. मग खोकली, आचके दिले आणि बंद पडली. अब्बासनं उतरून बॉनेट उघडलं, बंद केलं. थोडा वेळ गेल्यावर गाडी आपोआप सुरू झाली. अर्ध्या मैलावर पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा आम्ही चौकच्या अलीकडं, जिथं झाड म्हणून नाही अशा जागी उभे होतो.

“वर पेट्रोल चढत नाय,” अब्बास म्हणाला. “टाकीचं झाकण उघडाया पायजे.”

माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, हा आता माझ्या डोळ्यांदेखत टाकी उघडून घेतोय. केवढं धाडस. मी म्हटलं, मोहोर फोडता येणार नाही.

अब्बासनं फडक्याला हात पुसले. “ठसा तुमचा हाय शेट. तुमीच फोडा. मी हात लावणार नाय. मी चार दीस लावला नाय.”

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं.

मी चाकूनं लाख खरवडली, झाकण पिळलं, आणि टाकीनं असा श्वास आत ओढला, जसा डोहात बुडी मारलेला माणूस वर येऊन ओढतो. मी दोन पावलं मागं सरलो. अब्बासनं हँडल मारलं. गाडी पहिल्या फेऱ्याला सुरू झाली.

एवढ्यात मागं उभी असलेली जयवंता म्हणाली, “अवो, गाडी मुततीया.”

मी वाकून बघितलं. टाकीपासून पुढं जाणाऱ्या तांब्याच्या नळीतून टिप, टिप, टिप. रस्त्याच्या धुळीत काळा डाग पसरत होता आणि त्याला तोच कोंबडीचा वास. अब्बासनं गाडी बंद केली, खाली शिरला, बोटानं चाचपलं. नळी एका जागी सांगाड्यावर घासून घासून चिरली होती. आजची नव्हे, महिन्याभराची चीर. रोज रात्री तिथून दीड बोट पेट्रोल ठिबकत होतं आणि माझं वीतभर गवत ते पिऊन घेत होतं, म्हणून जमिनीवर थेंब दिसत नव्हता, आणि वास मी गाडीचाच समजत होतो.

म्हणजे ज्या गवतावर बसून मी रोज संध्याकाळी विडी ओढत चोराचा विचार करत होतो, ते गवत. मी मैलाच्या दगडावर बसलो. खिशातली विड्यांची जुडी काढली आणि शेतात भिरकावून दिली.

तरी माझ्यातला वाणी मेला नव्हता. मी म्हटलं, हे सगळं मान्य, पण मग मोहोर केल्यावर गळती थांबली कशी?

अब्बास गाडीखालून म्हणाला, “टाकीच्या तोंडावर तळहात दाबा.”

दाबला. थोड्या वेळानं टिपटिप मंदावली, मग थांबली.

“आता उचला.”

उचलला. टिप, टिप.

“पुन्यांदा दाबा.” पुन्हा बंद. (मी सुरुवातीला सांगितलं ना, तळहात दाबून उभा होतो म्हणून. ते हे.)

मग तो बाहेर आला, अंगावरची धूळ झटकली आणि इतक्या आदबीनं विचारलं की त्यापेक्षा त्यानं दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं. “शेट, दुकानात गोड्या तेलाचा नवा डबा फोडता, तवा भोकं किती पाडता?”

मी म्हटलं, दोन.

“दुसरं कशापायी?”

दुसरं हवा जायला. हे कर्जतच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकच भोक पाडलं तर डबा उपडा धरला तरी तेल यायचं नाही. मी सत्तावीस वर्षं रोज दोन भोकं पाडतोय, आणि गाडीच्या टाकीचं दुसरं भोक मी माझ्या हातानं लाखेनं बुजवलं होतं. त्यामुळं गळती थांबली, त्यामुळंच गाडी थांबली, आणि अब्बास चोर ठरला.

मला बोलायचं होतं. पण अब्बासच म्हणाला, “आधी नळीचं बघू. तिकडं मानसं वाट बघत असत्याल.” आणि साबण मागितला. पेट्रोल सगळ्याला विरघळवतं, साबणाला नाही. चिरेत ओला साबण भरायचा, वर चिंधी आवळायची, पंचवीस मैल बिनघोर.

जयवंतानं गाठोड्यातली आमची वडी काढून दिली. अब्बासनं पाणी लावून ती चिरेवर रगडली. रवाळ भुगा झाला आणि खाली पडला. पुन्हा रगडली, पुन्हा भुगा. त्यानं तो भुगा बोटांत चुरून बघितला, नाकाला लावला, आणि जयवंताकडं दिला.

इथं मला सांगणं भाग आहे. साबणाचा तुटवडा झाल्यापासून मी घाऊक साबण आणून, वितळवून, त्यात थोडा खडू आणि थोडं तांदळाचं पीठ घालून वड्या पाडत होतो. थोडं म्हणजे साबणापेक्षा जास्त नाही. निम्मं.

जयवंता भुग्याकडं बघत राहिली. “दोन वरसं मी धोंड्यावर कपडे आपटती,” ती म्हणाली. “दोन वरसं मी नदीच्या पान्याला नावं ठेवती.” पुढं काही बोलली नाही. मी तिला बत्तीस वर्षं ओळखतो. तिचं न बोलणं ही आतली नळी आहे, कधी फुटेल सांगता येत नाही.

अब्बासनं हत्यारांच्या पेटीतून कागदात गुंडाळलेला साबणाचा तुकडा काढला. पिवळा, घट्ट, चकचकीत. मी बघताक्षणी ओळखला. कशेळ्याच्या माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या दुकानचा. मी विचारलं, अरे, माझ्या दारात राहून साबण कशेळ्याचा?

“घरची मानसं तुमचा घेऊ देत नायत,” तो ओशाळून म्हणाला. जन्मात पहिल्यांदा मी त्याला ओशाळलेला बघितला, तो माझ्या पापासाठी.

चिरेत साबण भरला. माझ्या उपरण्याची कड फाडून नळीवर आवळली, वर सुतळी, सुतळीवर पुन्हा साबण. थेंब थांबला. झाकण लावलं, मोहरेशिवाय. गाडी खालापूरपर्यंत एकदाही खोकली नाही.

वाटेत मी मनात भाषण जुळवलं. झहीरभाईंसमोर सगळं कबूल करायचं, गवत, मोहोर, साबण, सगळं. माणसाची परीक्षा मी केली आणि नापास मी झालो, असं एक वाक्यही तयार केलं. (फाटक्या रद्दीवर शिकलेल्या माणसाला याहून काय सुचणार?) खालापूरला जयवंता गाठोडं घेऊन झहीरभाईंच्या बायकोकडं, आयशाबींकडं, आत गेली. मी ओटीवर बसलो, पाणी प्यालो, घसा साफ केला, आणि अब्बासला गाडीजवळून हाक मारून वर बोलावलं. तो पायरीवर उभा राहिला. मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. बोलता बोलता माझे डोळे भरून आले. शेवटी म्हटलं, झहीरभाई, माझ्या शब्दावर तुम्ही हे स्थळ डोळे मिटून पक्कं करा.

झहीरभाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. “ते पक्कं झालं, शेट. तुम्ही टाकीवर हात दाबून उभे होता तिथपर्यंत तुमची गोष्ट आली, तेव्हाच आतून निरोप आला.”

मी विचारलं, कुणाच्या शब्दावर?

“वहिनींच्या. चिठ्ठीत लिहिलं होतं ना, त्यांना आणा म्हणून. तुमच्या दुकानचा साबण आमच्याकडंही येतो शेट, राग मानू नका.”

“मग मला कशाला बोलावलंत?”

झहीरभाई थोडे अडखळले. भला माणूस. “गाडी तुमची,” ते म्हणाले. “वहिनी एवढ्या लांब चालत कशा येणार?”

पायरीवर अब्बासनं तोंड फिरवलं होतं. खांदे हलत होते. रडत होता की हसत होता ते मी आजवर विचारलेलं नाही. मासूमाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. नवरानवरीला त्याच गाडीतून नेलं. नळी आधी तांबटाकडून झाळून घेतली होती. शेडमधलं गवत मी लांब माळावर नेऊन जाळलं, आणि भडका बघून दोन दिवस जेवलो नाही. दुकानात साबण आता नुसता साबण असतो, कारण वड्या जयवंता पाडते.

तर एक विनंती. ही गोष्ट तुम्ही पुढं सांगणारच, तुमच्या तोंडाला मी थोडीच लाख लावणार? पण सांगताना हिशेब इमानानं ठेवा. गवत माझं, मोहोर माझी, खडू माझा. अब्बासच्या नावावर काही मांडू नका, कोंबडीच्या तर मुळीच नको. आणि हो, वर मी दोन अंडी फुटली असं सांगितलंय. जयवंता हे ऐकत बसलीय. पाच फुटली होती. तेवढं दुरुस्त करून घ्या.